अप्पांची झोप : वडगाव, बेळगाव इथल्या नोंदी

१४ जून
अप्पांना दवाखान्यातून घरी आणून आज तेवीस दिवस झाले. या तेवीस रात्रींत घरातलं कुणीही सलग तीन तास झोपलेलं नाही. म्हणून ही वही.

आधी परिस्थिती लिहून ठेवते. अप्पांच्या गुदाशयातली गाठ काढली. आतला जोड भरून येईपर्यंत तिथून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचं एक वेटोळं पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढलंय. याला आयलिओस्टोमी म्हणतात, आणि पोटावर दिसणाऱ्या आतड्याच्या त्या तोंडाला स्टोमा. तात्पुरती आहे, आतडं परत आत कधी घालायचं ते डॉक्टर पुढं बघून ठरवतील. तोवर पोटाला चिकटवायची फ्लँज आणि तिच्या कड्यावर दाबून बसवायची पिशवी. फ्लँजला आम्ही घरात चकती म्हणतो. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो, त्यात पाचकरस असतात, आणि तो कातडीला लागला की कातडी भाजल्यागत होते. त्याला अडवून धरणारा स्नायू तिथं नाही. त्यामुळं दिवस नाही, रात्र नाही, येत राहतं.

मी शिवणकाम करते. ब्लाउज अंगावर नीट बसला नाही तर सगळ्या शिवणी एकदम उसवायच्या नाहीत. एक माप बदलायचं, घालून बघायचं, लिहून ठेवायचं. इथंही तसंच करणार.

काय साधायचंय : रात्री दहा ते सकाळी सहा. मधे एकदाच उठायचं, तेही ठरवून. चादर कोरडी. चकतीखालची कातडी लाल नाही. आणि आईला तिच्या अंथरुणातून उठावं लागू नये.

१५ जून
सुरुवातीची मापं. मापाचा जग आणला, पिशवी त्यात रिकामी करून मिली लिहिते. चोवीस तासांत ११५०. त्यातले रात्रीचे ४५०. अप्पा सहा वेळा उठले. ३.२० ला चकतीच्या खालच्या कडेनं गळलं. चादर, वाकळ, बनियन, सगळं धुवायला. पावसात वाकळ वाळत नाही, शेगडीवर पाटी उपडी घालून वाळवली.

चोवीस तासांत दीड लिटरच्या वर गेलं, तोंड कोरडं पडलं, चक्कर आली किंवा लघवी कमी आणि गडद झाली तर लगेच फोन करायचा, असं दवाखान्यात सांगितलंय. ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

आज रात्रभर मी त्यांच्या खोलीत बसून होते. अप्पा उताणे, ओंडक्यासारखे. उजवा हात पिशवीवर. डोळा लागला की हात सैल पडतो, हात सैल पडला की दचकून जागे, की परत चाचपणं. “फुटंल काय गं ही?” असं दोनदा विचारलं. शेजारचे माग दहाच्या सुमारास थांबतात. ज्या माणसाची पस्तीस वर्षं त्या खडखडाटात गेली, त्याला आता त्या शांततेत पोटाचा एकेक आवाज ऐकू येतोय.

१७ जून
पहिला बदल : जेवणाची वेळ. अप्पा मागावर असल्यापासून रात्री साडेनऊला जेवतात. आता सातला. दुपारचं जेवण मोठं, रात्रीचं हलकं. दवाखान्यातल्या सिस्टर कन्नडमध्ये म्हणायच्या, “स्वल्प स्वल्प तिन्नी, अज्जा.” थोडं थोडं खा. अप्पांना ते वाक्य आवडलंय, ताट पुढ्यात आलं की स्वतःच म्हणतात.

रात्री : उकड्या तांदळाचा मऊ भात, दही, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं. यांनी मळ जरा आळतो. रात्री नको : कोबी, मोडाची उसळ, कच्चा कांदा, सोड्याची बाटली. यांनी वारा धरतो आणि पिशवी फुगते. जेवताना फार बोलायचं नाही, तोंडातून हवा आत जाते. पाणी मात्र तोडायचं नाही. पिशवी भरेल या भीतीनं अप्पा संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते, हे आज कळलं. लहान आतड्यातूनच सगळं बाहेर पडत असल्यानं पाणी आणि मीठ दोन्ही अंगातून जातं. तहान मारून झोप मिळत नाही, अशक्तपणा तेवढा येतो.

२० जून
तीन रात्रींचा हिशेब : रात्रीचे ४५० वरून ३१०. उठणं अजून सहा वेळा. गळती एकदा. म्हणजे कमी भरते तरी गळते, आणि कमी भरते तरी झोप नाही. जेवण हे कारण आहे, पण एकटं नाही.

२२ जून
पट्टा शिवला. आईच्या जुनेराचं सुती कापड दुहेरी, चार इंच रुंद, मागे इलॅस्टिक. पिशवी आत घट्ट राहावी, हलू नये, म्हणजे अप्पांना धीर येईल, असा विचार.

२३ जून
पट्टा चुकला. रात्री १.४० ला गळती, आतापर्यंतची सगळ्यात मोठी. इलॅस्टिकनं पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या, मळ खाली उतरलाच नाही, स्टोमाभोवतीच साचला आणि चकतीखाली शिरला. पिशवीला धरायचं, दाबायचं नाही. पट्टा उसवला. कापड ठेवलंय.

अप्पा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२६ जून
आज काढलेली चकती टाकून न देता उलटी करून दिव्याखाली धरली. हे आधीच करायला हवं होतं. कापड कुठं विरलं ते बघून ताण कुठं आहे ते मी रोज ओळखते. चकतीची मागची बाजू आतल्या भोकाभोवती सगळीकडून पांढरी पडून विरघळली होती, खालच्या बाजूला तर कडेपर्यंत. म्हणजे मळ एका जागेतून नाही, गोल सगळीकडून आत जातोय. खाली जास्त, कारण दिवसा तो खाली ओघळतो. अप्पांच्या पोटावरही तेवढंच लाल कडं. दोन्ही एकमेकांवर ठेवले असते तर जुळले असते.

मागच्या तीन चकत्या लिहिल्या : दोन दिवस, दीड दिवस, दोन दिवस. चांगली बसली तर तीन ते पाच दिवस टिकायला हवी.

२८ जून
दवाखान्यात जाऊन आलो. सिस्टरनी भोकांची पट्टी घेऊन स्टोमा मोजला. २९ मिलीमीटर. आम्ही भोक कापत होतो ३८ चं. घरी सोडताना जो पुठ्ठ्याचा साचा दिला होता तो ३८ चा, आणि तेव्हा ते बरोबर होतं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आक्रसत जातो, म्हणून या काळात दर आठवड्याला मोजायचा. हे घरी सोडताना आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. मिळालेला कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता, त्यावर असेलही. घरी सोडायच्या घाईत तो कुणी समजावून दिला नाही आणि मीही विचारलं नाही.

३८ मधून २९ गेले ९. म्हणजे स्टोमाभोवती साडेचार मिलीमीटर कातडी उघडी, रात्रंदिवस मळात. त्या भाजलेल्या कातडीतून पाणी सुटतं, ओल्या कातडीवर चकती धरत नाही, चकती सुटली की आणखी कातडी उघडी. एवढंच होतं. अप्पांची कूस नाही, आईच्या हातचा रस्सा नाही, चुकीचा साचा.

आता भोक स्टोमाच्या कडेपासून जेमतेम दोन मिलीमीटर सोडून. स्टोमाला घासेल इतकं लहानही नको.

सिस्टरनी आणखी एक दाखवलं. अप्पांचा स्टोमा पोटाच्या पातळीच्या दोनेक सेंटिमीटर वर उभा आहे, नळीच्या तोंडासारखा. आतड्याचं टोक बाहेर काढून ते बाहीच्या कफासारखं उलटं दुमडून शिवायची ही रीत ब्रायन ब्रूक या इंग्रज शल्यविशारदानं १९५२ साली मांडली. त्याआधी टोक तसंच सोडत, ते सुजायचं, आणि मळ कातडीवरच पसरायचा. दुमड घालून शिवलेलं तोंड असल्यामुळं मळ पिशवीत पडतो. घरी येताना रिक्षात मला ती दुमडच दिसत होती. किती साधी शिवण, आणि केवढ्या माणसांची कातडी तिनं वाचवली असेल.

२९ जून
नवी चकती. पहाटे साडेपाचला, चहाच्या आधी, कारण पोट रिकामं असताना स्टोमा शांत असतो. ज्यांच्या घरी हे नव्यानं आलंय त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

जुनी चकती ओढून काढायची नाही. एका हातानं कातडी दाबून धरायची, दुसऱ्या हातानं चकती हळूहळू सोडवायची. धुवायला नुसतं कोमट पाणी. साबण लागलाच तर तेल-सुवास नसलेला, आणि पूर्ण निघेपर्यंत धुवायचा. स्टोमा लाल, ओला, तोंडाच्या आतल्या बाजूसारखा असायला हवा; तो दुखत नाही, पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरायचं नाही. काळानिळा दिसला तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना. मग मऊ कापडानं कातडी टिपून कोरडी करायची. या दिवसांत हवाच ओली, त्यामुळं मी वर दोन मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घालते. लाल जागेवर स्टोमाची पावडर भुरभुरायची, सुटी पावडर झटकून टाकायची. चकती आधी दोन तळव्यांत धरून ऊब द्यायची, मग चिकटवायची आणि वर तळहात ठेवून काही मिनिटं बसायचं. उबेनं ती कातडी धरते.

आईला एक सांगावं लागलं. लाल झालेल्या कातडीवर ती रोज हलक्या हातानं खोबरेल लावत होती. तेलावर चकती बसत नाही. तिला वाईट वाटलं, दिवसभर गप्प होती. मग तिला चकती ऊब द्यायचं काम दिलं. आता ते तिचं.

१ जुलै
चिकटणाऱ्या चकतीचं काय काय वाचत होते. आजच्या चकत्यांत पेक्टिन, जिलेटिन असली ओल शोषणारी द्रव्यं असतात. पण त्याआधी बरीच वर्षं कराया गोंद वापरत. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात तो स्टोमाभोवतीची कातडी राखायला वापरला. आणि कराया म्हणजे आपल्या कांडोळाचा डिंक! कोरड्या, खडकाळ रानात पांढऱ्याफटक सालीचं जे झाड उभं असतं, ज्याला लोक भुताचं झाड म्हणतात, ते. अप्पांना सांगितलं. बराच वेळ छताकडं बघत पडले, मग म्हणाले, “लहानपणी त्याच्याखालनं जायला भ्यायचो आम्ही.”

चिकटणारी पिशवी मुळात एलिसे सोरेनसेन या डॅनिश परिचारिकेला सुचली, १९५४ मध्ये. तिच्या बहिणीला स्टोमा होता आणि ती घराबाहेर पडायला धजत नव्हती.

३ जुलै
नव्या मापाची चकती पाच दिवस टिकली. चार रात्री चादर कोरडी. लाल कडं फिकं पडलंय.

उठणं : पाच वेळा. गळती गेली, हात अजून पिशवीवरच आहे.

६ जुलै
आषाढी एकादशी. अप्पांचा उपास मोडवत नव्हता, औषधांमुळं पूर्ण करवतही नव्हता. साबुदाण्याची पेज केली, वर केळं. खिचडी नको म्हटलं, त्यातल्या दाण्याच्या कुटामुळं. लहान आतड्याच्या अरुंद तोंडाशी दाणे, मका, खोबऱ्याचा चोथा अडकू शकतात. साबुदाण्यानं मळ चांगला आळतो हे आज मापाच्या जगात दिसलं : रात्रीचे २४०, आणि दाट.

वारीला गेलेल्या शेजाऱ्यांचं घर बंद, त्यांचे मागही बंद. अप्पा साडेआठलाच आडवे.

९ जुलै
आजची नोंद मोठी होणार.

रात्री बॅटरी घेऊन नुसती पिशवी बघत बसले. दिवसा अप्पा उभे किंवा बसलेले असतात, पिशवी खाली लोंबते, मळ तळाशी जातो. रात्री ते उताणे झोपले की पिशवी तशीच मांडीकडं तोंड करून पोटावर सपाट पडलेली. पण आता खालची बाजू मांडी नाहीच. झोपलेल्या माणसाला खालची बाजू म्हणजे पाठ. मळाला मांडीकडं जायला उतार नाही, तो स्टोमाभोवतीच तळं करून राहतो, आणि हात लावला की तिथंच फुगीर लागतं. अप्पा चाचपत होते ते उगीच नव्हतं. त्यांच्या बोटांना खरंच भरलेली पिशवी लागत होती, तळ रिकामा असताना.

पिशवी कड्यावर बसणारी आहे, म्हणजे फिरवता येते. झोपायच्या आधी ती काढून बाहेरच्या बाजूला, उजव्या कुशीकडं तोंड करून बसवली, जवळजवळ आडवी. आता मळ पोटाच्या उतारावरून कुशीकडं, तिथून अंथरुणावर टेकलेल्या पिशवीच्या तळाशी. सकाळी उठताना परत उभी. कडं पूर्ण बसल्याचं बोटानं सगळीकडून दाबून बघायचं, आणि हलकं ओढून. पिशवीत आतून चमचाभर तेल फिरवलं की दाट झालेला मळ वर चिकटून राहत नाही, घसरतो. तेल पिशवीत. कातडीवर नाही. आईकडं बघूनच बोलले.

पहिल्याच रात्री : उठणं तीन वेळा.

११ जुलै
जुनेराचं कापड परत काढलं. या वेळी पट्टा नाही, झोळी. आडव्या पिशवीच्या मापाची, ११ इंच लांब, ७ रुंद. पाठीमागं कड्यासाठी चार इंची गोल, त्याला तिरप्या पट्टीची किनार. शिवणी बाहेरच्या बाजूला, कातडीला टोचू नयेत म्हणून. कमरेला दोन नाड्या, गाठ डाव्या बाजूला, स्टोमावर काही आवळत नाही. तळ उघडा, बटणाचा, म्हणजे रात्री झोळी न सोडता पिशवी रिकामी करता येते. प्लास्टिक घामानं पोटाला चिकटायचं तेही थांबलं.

अंथरूण : गादीवर मेणकापड, त्यावर जुनी सुती चादर चौघडी, त्यावर नेहमीची चादर. काही झालंच तर वरची दोन काढायची आणि परत झोपायचं. रात्री दोनला वाकळ धुवायला लागणार नाही हे माहीत असणं हेही औषधच आहे.

१५ जुलै
ठरवून उठणं. २.३० चा गजर, माझ्या फोनवर. पिशवी तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की रिकामी करायची, त्याहून जड होऊ द्यायची नाही. वजनानं चकती सुटते. झोपताना सव्वादहाला रिकामी, अडीचला एकदा, मग पहाटे.

संडास परसात आहे. पावसात, शेवाळलेल्या फरशीवरून, झोपेतल्या माणसानं जायचं हे मला रोज खुपत होतं. खाटेशेजारी झाकणाची बादली ठेवली, तळाला पाणी आणि कागद, म्हणजे शिंतोडा नाही, आवाज नाही. शेजारी कापूस, पाण्याची बाटली, बॅटरी. रात्री वीज गेली होती, बॅटरीवर सगळं पाच मिनिटांत झालं.

अप्पांना सुरुवातीला खोलीत बादली नको होती. “माणसानं झोपायच्या जागी हे करायचं?” दोन दिवस त्यावरून घासाघीस. शेवटी आई म्हणाली, “अहो, पाय घसरून पडलात तर मी काय करू?” त्यावर काही बोलले नाहीत. बादली राहिली.

२१ जुलै
चोवीस तासांत १६००. दवाखान्यात फोन. ओआरएस दिवसभर घोट घोट. साधं पाणीच ढोसलं तर उलट जास्त वाहून जातं. डॉक्टरांनी मळ आळायची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली. रात्री चार वेळा उठलो, मी ठरवूनच. तिसऱ्या दिवशी ८५० वर.

२९ जुलै
पंचमी. घरभर ज्वारीच्या लाह्यांचा वास. अप्पांनी मूठभर मागितल्या. लाही फुगते, टरफल विरघळत नाही, आतडं तुंबू शकतं. चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही आणि पोटात कळा सुरू झाल्या तर दवाखाना गाठायचा, हे पहिल्या पानावर लिहिलेलंच आहे. मी नाही म्हटलं. त्यांनी लाह्यांची परात जवळ ओढली आणि नुसता हात घालून बसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

३ ऑगस्ट
स्टोमा २७. साचा नवा कापला, जुना ३८ चा फाडून टाकला. दवाखान्यातल्या सिस्टरनी झोळी बघून तिचं माप कागदावर मागितलं, त्यांच्याकडं खानापूर तालुक्यातल्या एक आजी येतात त्यांच्यासाठी. कागद कशाला, दोन शिवून दिल्या.

८ ऑगस्ट
मागच्या पाच रात्री आई मधल्या खोलीत झोपतेय.

अप्पा आज उजव्या कुशीवर. पिशवीखाली पातळ उशी, डाव्या गुडघ्याखाली दुसरी. हात गालाखाली.

१०.१५ रिकामी, ९० मिली. २.३० रिकामी, १४०. गजर मी ऐकला, ते मी हाक मारल्यावर उठले. ५.५० रिकामी, ११०. चादर कोरडी.